संगीताचा वर्ग कशासाठी?

तृतीय वर्ष कला (संगीत)

बी. ए.ला संगीत हा विषय घेतला आहे असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दोनपैकी एक भाव हमखास उमटतो. पहिला कौतुकाचा. त्याच्या पाठोपाठ ‘मग एखादे गाणे म्हणून दाखव की!’ असा आग्रह येतो. दुसरा भाव कीव करण्याचा. त्याच्यामागून ‘पण पुढे काय करणार?’ हा प्रश्न येतो. गेल्या तीन वर्षांत मी हे दोन्ही भाव भरपूर पाहिले. गावी पारावर, एस. टी.त आणि आपल्याच महाविद्यालयाच्या व्हरांड्यातसुद्धा. इतिहास घेतलेल्या विद्यार्थ्याला ‘एखादी लढाई करून दाखव’ असे कोणी म्हणत नाही, आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला आमदारकीविषयी छेडत नाही. संगीताच्या वाट्याला मात्र हे ठरलेले.

यंदा या प्रश्नाला धार आली आहे. आमच्या वर्गात आम्ही अवघे चौदाजण. त्यामुळे ‘एवढ्या थोड्या विद्यार्थ्यांसाठी विषय चालू ठेवणे परवडते काय?’ अशी कुजबूज कानांवर येते. प्रश्न विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. संख्या सगळ्यांनाच मोजावी लागते. परंतु विषय ठेवायचा की काढायचा हे ठरवण्यापूर्वी, तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयात संगीताचा वर्ग मुळात कशासाठी असतो, याचा विचार व्हायला हवा. तो विचार एका विद्यार्थिनीच्या बाजूने मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

पहिला आक्षेप जुना आहे. ‘गाणे का कुठे वर्गात शिकतात? गाणे गुरूच्या घरी, त्याच्या पायाशी बसून शिकावे.’ हे वाक्य ऐकायला गोड आहे; पण गुरूचे घर कोणाला उघडे होते, हे ते सांगत नाही. विष्णू दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते याच प्रश्नाचे उत्तर म्हणून. कुरुंदवाडचा हा मुलगा फटाक्याने डोळ्यांना इजा झाल्यामुळे शालेय शिक्षणाला मुकला आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकला. गुरुगृहाचे सुख आणि त्याचे हाल या दोहोंचा अनुभव असलेल्या माणसाने फळा, वेळापत्रक, क्रमिक पुस्तके आणि परीक्षा ही शाळेची साधने गाण्यासाठी वापरली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दुसरीकडे वकिली शिकलेल्या विष्णू नारायण भातखंड्यांनी घराण्यांच्या कुलुपांत असलेल्या बंदिशी मिळवून, स्वरलिपीत उतरवून छापल्या. त्यांनी ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. त्यांच्या पुढाकाराने १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झाले. आज ज्याला आपण संगीताचा अभ्यासक्रम म्हणतो, तो या दोन मराठी माणसांच्या खटपटीवर उभा आहे. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातले गाणे शेतकऱ्याच्या, कारकुनाच्या आणि मुख्य म्हणजे घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबातील मुलीच्या आवाक्यात आले, ते वर्गामुळे.

‘पण वर्गातून कलावंत कोठे होतात?’ असेही विचारतात. पलुस्करांचे शिष्य बी. आर. देवधर यांनी १९२५ साली मुंबईत संगीताची शाळा काढली. कुमार गंधर्व लहान वयात ज्या गुरूकडे येऊन राहिले, ते हे देवधर. तेव्हा शाळा आणि कलावंत यांचे वैरच असते, असे मानण्याचे कारण नाही. अर्थात प्रत्येक वर्गातून कुमार गंधर्व निघत नाहीत, आणि प्रत्येक मराठीच्या वर्गातून मर्ढेकरही निघत नाहीत. मराठीचा वर्ग म्हणून कोणी बंद करत नाही.

वर्गाची बाजू घेताना वर्गाचे उणेपणही सांगितले पाहिजे. आमचा तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा. तानपुरा लावणे आणि तबला जुळवणे यांत दहा मिनिटे जातात. उरलेल्या अडतीस मिनिटांत चौदाजण. म्हणजे एकेकाच्या वाट्याला तीन मिनिटेही येत नाहीत. महाविद्यालय सकाळचे, त्यामुळे रात्रीच्या पहिल्या प्रहराचा यमन आम्ही सकाळी साडेनऊला शिकतो. शेजारच्या वर्गात अर्थशास्त्राचे सर मागणी-पुरवठ्याचा आलेख काढत असतात आणि आमचा तीव्र मध्यम त्यांच्या आलेखातून जातो. शिकवणारे तासिका तत्त्वावरचे असले, की एस. टी.चे वेळापत्रक आणि तासांचे वेळापत्रक यांचा मेळ घालण्यात त्यांची निम्मी शक्ती खर्च होते. या सगळ्याहून मोठे उणेपण परीक्षेचे आहे. रागाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी, थाट, जाती आणि गानसमय पाठ केला, की लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळतात. ज्या रागाचा एकही स्वर कानांवर पडलेला नाही, त्या रागाची संपूर्ण माहिती लिहिता येते. न खाल्लेल्या पुरणपोळीची कृती लिहून पहिला क्रमांक मिळवावा, तसा हा प्रकार.

हे दोष खरे आहेत. ते पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतही कमीअधिक आहेत. पण तिथल्या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर मैफली आहेत, संगीत मंडळे आहेत, शिकवणीला जाता येईल असे बुवा आहेत. आमच्याकडे ते नाही. मग आमच्याकडे काही नाहीच काय? इथे माझा मुख्य मुद्दा येतो. आमच्याकडे जे आहे, त्याची नोंद अभ्यासक्रमाने घेतलेली नाही, आणि आम्हीही ते वर्गाच्या दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवतो.

आपल्या जिल्ह्याकडे पाहा. तो अहमदनगर या नावाने ओळखला जात होता तेव्हाही, आणि २०२४ पासून अहिल्यानगर झाला तरीही, गाण्याच्या दृष्टीने श्रीमंतच आहे. नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ती ओवी आजही गळ्यांत आहे. राहुरी तालुक्यातील ताहाराबादच्या महिपतींनी १७६२ साली ‘भक्तविजय’ पुरा केला. ते स्वतः कीर्तन करीत. अकोळनेरला जन्मलेल्या दासगणू महाराजांनी पोलिसाची नोकरी सोडून कीर्तनाला वाहून घेतले. संगमनेरचे अनंत फंदी (१७४४–१८१९) तमाशाच्या फडावरचे शाहीर. चौंडीला जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केल्यावर ते कीर्तनाकडे वळले, असे सांगतात. कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती कीर्तने रचली, आणि नारायण वामन टिळकांची अभंगाच्या वळणाची भजने नगरच्या मराठी चर्चमधून टाळ-तबल्यावर म्हटली गेली. गोदावरीतील सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतला अखंड हरिनाम सप्ताह दरवर्षी वेगवेगळ्या गावी भरतो. सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली ठेवायची नाही, भजन थांबू द्यायचे नाही, हा नेम. पहाऱ्याला उभे राहून मध्यरात्री दोन वाजता स्वर धरून ठेवणाऱ्या माणसाला आपण ‘संगीत येत नाही’ असे म्हणतो!

माझ्या घरी आबा पखवाज वाजवीत. सप्ताहाच्या आदल्या संध्याकाळी आई कणीक मळून द्यायची आणि आबा पखवाजाच्या डाव्या तोंडावर तिचा गोळा थापायचे. किती कणीक, किती ओली, कोठे दाबायची, यावर आवाजाचे गांभीर्य ठरते. उन्हाळ्यात ती वाळते, मग पुन्हा पाण्याचे बोट. मी मुलगी म्हणून पखवाजावर बसायला मला बरीच वर्षे लागली. पण कान मात्र त्या ओसरीवर तयार झाला. आमच्या वर्गात निम्म्याहून अधिकजण अशाच घरांतले आहेत. कोणाचे वडील बँड पथकात सनई वाजवतात, कोणाची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते, कोणी दर रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवतो. आम्ही कोरे कागद म्हणून वर्गात आलो नाही.

पण आम्हांला कोरे कागद समजण्यात येते. एका स्पर्धेत परीक्षकांनी आमच्यातल्या एका गुणी मुलाचे गाणे ऐकून ‘आवाज भजनी आहे’ एवढाच शेरा दिला. भजनी म्हणजे वाईट, हे त्यात गृहीत होते. त्या मुलाने नंतर दोन महिने आवाज दाबून गायचा प्रयत्न केला आणि होता तो मोकळेपणाही घालवला. उंच पट्टीत, शंभर टाळांच्या वर निघेल असा आवाज लावणे ही एक कमावलेली विद्या आहे. ख्यालाला वेगळा लगाव लागतो, श्वासाचा वेगळा हिशेब लागतो, हे मान्य. ते शिकवावे. परंतु त्यासाठी पहिल्या विद्येची लाज वाटायला लावण्याचे कारण नाही.

या दोन विद्या एकमेकींना भेटल्या तर काय होते, याचा एक दाखला देते. आमच्या गावच्या काकड्यात एक चाल आहे. तिच्यात सा, रे, ग, प, ध एवढेच स्वर लागतात. भूप रागाची व्याख्या पाठ असल्यामुळे मी ती चाल भूपातली, असे बेधडक सांगितले. आमच्या बाईंनी ती चाल चार वेळा म्हणायला लावली आणि विचारले, ‘थांबतेस कोठे?’ थांबत होते धैवतावर. मग त्यांनी समजावले, की हेच पाच स्वर देशकारातही आहेत. भूपाचा जीव गंधारात, देशकाराचा धैवतात. भूप संध्याकाळनंतरचा, देशकार सकाळचा. गावाने शतकानुशतके ती चाल पहाटे म्हटली होती. रागाचे नाव गावाला ठाऊक नव्हते आणि पुस्तकातल्या व्याख्येवरून मला चाल उलगडली नसती. त्या दिवशी वादी स्वर म्हणजे काय, हे मला कळले. त्याआधी तीन परीक्षांत मी त्याची व्याख्या अचूक लिहिली होती.

महाविद्यालयातला संगीताचा वर्ग कशासाठी, याचे माझे उत्तर या दाखल्यात आहे. गावाने कान दिला. त्या कानाला भाषा देण्याचे काम वर्गाचे. आणि हे काम तालुक्याचे महाविद्यालय जितके चांगले करू शकेल, तितके शहरातलेही करू शकणार नाही, कारण चाल आणि व्याख्या या दोन्ही गोष्टी इथे एका बाकावर बसलेल्या असतात.

‘लोकसंगीत मिसळले, की शास्त्रीय पातळ होते’, अशी भीती काही जाणकार व्यक्त करतात. त्यांनी कुमार गंधर्वांचेच उदाहरण आठवावे. देवासला आजारपणात असताना माळव्यातल्या बायकांची गाणी त्यांच्या कानांवर पडली. पुढे त्यांनी ती जमवली, त्यांचा अभ्यास केला, आणि लोकधुनांतून नवे राग उभे केले. त्यामुळे त्यांचे गाणे पातळ झाले, असे कोणी म्हणेल काय? दूरचे उदाहरण हंगेरीचे. झोल्तान कोदाय आणि त्याचा मित्र बेला बार्तोक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी खेड्यापाड्यांत फिरून गाणी गोळा केली. मुलाला संगीत शिकवायचे तर त्याच्या मातृभाषेतल्या लोकगीतापासून आणि त्याच्या स्वतःच्या गळ्यापासून सुरुवात करावी, हा कोदायचा आग्रह. त्या पायावर त्या देशात शालेय संगीताची एक पद्धतच उभी राहिली. आपल्याकडे डॉ. अशोक दा. रानडे यांनी आदिम, लोक, भक्ती, कला आणि जन अशा संगीताच्या कोटी मांडून प्रत्येक कोटीचे नियम वेगळे असतात, हे दाखवून दिले. विचार आपल्या भाषेत तयार आहे. तो वर्गापर्यंत पोचायचा राहिला आहे.

मुलींविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण आमच्या चौदांत नऊ मुली आहेत. ‘मुलीला गाणे येत असले तर बरे, पण तिने गाऊ नये’, असे एक विचित्र मत आपल्या समाजात आहे. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात एक गाणे, मंगळागौरीला दोन, आणि नंतर स्वयंपाकघर. याच्या मुळाशी फडावर गाणाऱ्या बाईविषयीचा तिरस्कार आहे. संगमनेरला दीर्घकाळ राहिलेल्या आणि २०२१ साली निवर्तलेल्या कांताबाई सातारकरांनी आयुष्यभर फड गाजवला आणि सांभाळला. त्यांच्या पहाडी आवाजावर लोकांनी शिट्ट्या मारल्या, पैसे उधळले. पण त्या आवाजाचा अभ्यास करावा असे आपल्या किती महाविद्यालयांना वाटले? जिच्या गाण्यावर गाव जागते, तिला गाव पंगतीत बसवायला कचरते. हा दुटप्पीपणा इतिहासाच्या किंवा समाजशास्त्राच्या तासाला शिकवता येईल; परंतु तिची लावणी कोणत्या तालात आहे आणि ती समेवर कशी येते, हे समजून घेतल्यावर जो आदर उपजतो, तो संगीताच्याच वर्गात उपजेल.

आता ‘पुढे काय करणार?’ या प्रश्नाकडे वळते. शाळांतून संगीतशिक्षकांच्या जागा मोजक्या आहेत. प्रत्येकाला नोकरी मिळेल असे आश्वासन मी कोणाला देणार नाही. पण हे आश्वासन आज कोणता विषय देतो? संगीत शिकलेला माणूस गावात शिकवणी चालवील, भजनी मंडळाला नेटके करील, कीर्तनकाराची साथ करील, शाळेच्या स्नेहसंमेलनाला मुलांना बेसूर होण्यापासून वाचवील. यातले काहीच त्याने केले नाही, तरी तो एक जाणता श्रोता होईल. सप्ताहात मंडपाच्या चार दिशांना भोंगे लावून कानठळ्या बसवणाऱ्यांना ‘आवाज कमी करा, टाळ ऐकू द्या’ असे सांगणारे पाच श्रोते प्रत्येक गावाला मिळाले, तरी आमच्या वर्गाचा खर्च भरून निघाला असे मी समजेन.

‘मोबाइलवर सगळे ऐकायला मिळते, मग वर्ग हवा कशाला?’ हा आक्षेप नवा आहे. मिळते हे खरे, आणि ही मोठीच सोय आहे. ज्या गायकांना ऐकायला पूर्वी रात्रभर प्रवास करावा लागे, ते आता बांधावर बसून ऐकता येतात. तानपुराही मोबाइलमध्ये आला. पण मोबाइल ‘थांबतेस कोठे?’ असे विचारत नाही. आणि त्यातल्या तानपुऱ्याला खुंटी नाही. त्यामुळे चार तारा स्वतःच्या कानाने जुळवण्याची जी पहिली आणि सर्वांत कठीण शिकवणी, तीच हुकते. मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्याला अभिमान वाटतो. मग आपल्या संगीतकक्षातल्या तानपुऱ्याची एक तार तुटून महिनोन्‌महिने तशीच राहावी, हे कसे चालते?

केवळ तक्रार करून थांबू नये, म्हणून चार सूचना मांडते. पहिली : प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षाकाठी आपल्या गावातली एक चाल, मग ती गवळणीची असो, भारुडाची, ओवीची किंवा चर्चमधल्या भजनाची, स्वरलिपीत उतरवून आणावी आणि ती ज्याच्याकडून मिळाली त्याचे नाव, गाव व प्रसंग लिहावा. दहा वर्षांत सव्वाशेवर चालींची वही ग्रंथालयात उभी राहील. हा खजिना पुण्याहून लोक पाहायला येतील. दुसरी : आठवड्यातून एक तास श्रवणाचा ठेवावा आणि त्याला कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याने यावे. म्हणजे ‘चौदाच’ हा हिशेब बदलेल. तिसरी : परिसरातल्या एखाद्या बुजुर्ग पखवाजवादकाला, भजनी बुवाला किंवा फडावरच्या कलावंताला सत्रातून एकदा मानाने बोलवावे, आणि प्राध्यापकांना देतो तसे मानधन व शाल त्यांनाही द्यावी. चौथी : स्नेहसंमेलनात चित्रपटगीते जरूर व्हावीत, पण दहा मिनिटे रागसंगीतासाठी आणि दहा मिनिटे गावच्या चालींसाठी राखून ठेवावीत, आणि त्या वेळात शिट्ट्या न मारण्याची जबाबदारी आम्ही विद्यार्थ्यांनीच घ्यावी.

यांतल्या एकाही सूचनेला मोठी इमारत किंवा मोठे अनुदान लागत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर भारतीय ज्ञानप्रणालीला अभ्यासक्रमात जागा मिळाली आहे. त्या जागेत दुसरीकडून आणलेली टिपणे भरायची, की आपल्या ओसरीवरचे ज्ञान आणून बसवायचे, हे आपल्या हाती आहे.

संगीत हा आपल्या महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात शेवटून दुसरा विषय आहे. त्याचे मला दुःख नाही. पंगतीत शेवटी बसणाऱ्यालाही पोटभर मिळते, जर वाढणाऱ्याच्या मनात असेल तर. पुढच्या वर्षी प्रवेश घेणाऱ्या माझ्या धाकट्या भावंडांना सांगावेसे वाटते, की घरी कोणी गात असेल, वाजवत असेल, तर हा विषय बिनधास्त घ्या. तुम्ही जे घेऊन याल, त्याची इथे गरज आहे. आणि गुरुजनांना एवढीच विनंती, की आमची संख्या मोजताना आमच्या मागे उभी असलेली गावेही मोजावीत. चौदा विद्यार्थी म्हणजे चौदा ओसऱ्या, चौदा भजनी मंडळे. वर्ग बंद झाला तर ती गातच राहतील. पण आपण काय गातो हे त्यांना समजावून सांगणारे कोणी उरणार नाही, आणि ती काय गातात हे आपल्याला कधी कळणार नाही.